हात लावला की दचकतो

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका कुळागरातल्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतल्या, घरचं हे बाळ. पहिलटकरणीचा मुलगा, दिवस पूर्ण भरून जन्मलेला, जन्माचं वजन 2 किलो 900 ग्रॅम, जन्मल्याबरोबर रडलेला. माझ्याकडे पहिल्यांदा आणला तेव्हा साडेसात महिन्यांचा होता. आईवडिलांच्या परवानगीने लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून एकदोन घरगुती गोष्टी बदलल्या आहेत.

तक्रार एकच होती. "हात लावला की दचकतो."

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, होऊन आठवडा झाला असेल. बाहेर बाकावर तापाची मुलं रांगेने बसलेली. आई आणि आजी बाळाला घेऊन आत आल्या. मी नेहमीसारखं तपासलं. वजन 8 किलो 200 ग्रॅम, डोक्याचा घेर 44 सेंटिमीटर, टाळू मऊ. आधाराशिवाय थोडा वेळ बसत होता, खुळखुळा या हातातून त्या हातात घेत होता, माझ्या चष्म्यावर झडप घालत होता. नजर स्वच्छ, हसरा. सगळं तपासून होईपर्यंत एकदाही दचकला नाही. मी आईला सांगितलं, काही बाळं जास्त दचकतात, महिन्या-दोन महिन्यांत जाईल, काळजी करू नका.

माझं हे सांगणं चुकलं. हे साधं दचकणं नव्हतं, अचानक स्पर्शाने येणारे अपस्माराचे (फिटचे) झटके होते. ते कसं चुकलं हे आधी लिहिते, कारण या प्रकरणातून इतर डॉक्टरांच्या आणि आईबापांच्या उपयोगी पडेल असं जे आहे त्यातलं निम्मं याच चुकीत आहे.

नवजात बाळ दचकतं, दोन्ही हात फेकतं आणि पुन्हा छातीशी आणतं. ही मोरो प्रतिक्रिया. ती निसर्गानेच दिलेली असते आणि 4 ते 6 महिन्यांच्या दरम्यान मावळते. बाळ साडेसात महिन्यांचं आहे म्हटल्यावर एक प्रश्न मी विचारायलाच हवा होता: हा जन्मापासून दचकतो, की मध्ये थांबून आता नव्याने सुरू झालंय? तो मी विचारला नाही. नंतर विचारला तेव्हा आजीने क्षणाचाही वेळ न घेता सांगितलं, "तिसऱ्या महिन्यापर्यंत दचकायचा, सगळीच दचकतात. मग थांबलं होतं. आता चवथीच्या आधी पंधरा दिवस हे दुसरंच सुरू झालं." हे ‘दुसरंच’ आजीला कळलं होतं. मला कळलं नव्हतं.

दुसरी गोष्ट मला महिनाभराने उमगली. माझ्या तपासणीत तो दचकला का नाही? लहान बाळ तपासताना मी आधी हात चोळून गरम करते, बाळाशी बोलते, स्टेथोस्कोप त्याला हाताळायला देते आणि मग टेकवते. म्हणजे माझा कोणताच स्पर्श त्याला अचानक झाला नव्हता. ज्या गोष्टीने झटका येत होता नेमकी तीच मी काढून टाकली होती आणि वर झटका येत नाही म्हणून निश्चिंत झाले होते.

तीन आठवड्यांनी त्या दोघी पुन्हा आल्या, या वेळी वडीलही सोबत होते. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची पाळी असते, ती बदलून घेऊन आले होते. बाळ दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं, आईच्या मांडीवर नव्हे तर मांडीवर ठेवलेल्या उशीवर. मी कारण विचारलं. आई म्हणाली, "डॉक्टर, आता आम्ही त्याला हातच लावत नाही."

त्या तीन आठवड्यांत घरात काय झालं होतं ते तिने सांगितलं. आधी न्हाऊ घालणाऱ्या बाईला यायला नको सांगितलं, कारण मालिश करताना बाळ उडायचं. मग आंघोळ बंद करून ओल्या फडक्याने पुसायला लागले, तर पुसतानाही उडायचं. बाबांनी गालाची पापी घेणं सोडलं. आई दूध पाजताना एरवी त्याच्या पाठीवरून हात फिरवायची, तो हात आता ती पलंगाच्या कडेला ठेवायची. दिवसाचा बराच वेळ बाळ पाळण्यात एकटं. त्याला इजा होऊ नये म्हणून चाललेली ही धडपड होती, त्यात कुणाचीही चूक नव्हती. पण आठ महिन्यांच्या मुलाच्या अंगावरून मायेचा हात फिरेनासा झाला होता. झटक्यांपेक्षा मला त्या घडीला याची जास्त धास्ती वाटली.

आजीने मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली होती. देवळात जाऊन कौलही लावला होता, पाकळी उजवी पडली होती. "देवाने उजवा दिला, म्हणजे होईल बरा. पण करायचं ते आपल्यालाच, म्हणून परत आणला," असं ती म्हणाली. दृष्ट काढण्यावरून मी घरच्यांशी कधी वाद घालत नाही. त्यापायी दवाखान्यात यायला उशीर झाला नाही ना, एवढंच बघते. इथे तर आजीनेच आणलं होतं.

आणि आजीकडे व्हिडिओ होता.

मोबाईल उभा धरून काढलेला, 40 सेकंदांचा. न्हाणीत पाटावर न्हाऊ घालणारी बाई पाय पसरून बसलेली, पायांवर बाळ पालथं. कडेला भाणातल्या, म्हणजे पाणी तापवायच्या हंड्यातल्या, पाण्याची वाफ. बाई खोबरेल तेलाचा हात पाठीवरून वर नेते, खाली आणते. बाळ शांत, स्वतःची मूठ चोखतंय. मग ती तेल घ्यायला हात उचलते, वाटीत बुडवते आणि पुन्हा पाठीवर टेकवते. त्याच क्षणी दोन्ही हात खांद्यातून वर आणि बाहेर फेकले जातात, मान खाली झुकते. एक सेकंद, फार तर दीड. लगेच आणखी एक, थोडा लहान. मग बाळ मान वर करून इकडेतिकडे बघतं, रडत नाही, मूठ पुन्हा तोंडात. बाई घाबरून पुन्हा थोपटते, पण या वेळी काहीच होत नाही.

मी तो व्हिडिओ सात-आठ वेळा पाहिला, शेवटी वेग कमी करून. मोरोमध्ये हात फेकले जातात आणि मग सावकाश मिठी मारल्यासारखे आत येतात. इथे आत येणं नव्हतं. विजेचा झटका बसावा तसे हात उडाले आणि खाली पडले. डोळ्यांची बुबुळं क्षणभर वर गेलेली दिसत होती.

न्हाऊ घालणाऱ्या बाईंना मी बोलावून घेतलं. गेली तीस वर्षं आसपासच्या गावांतली बाळं त्यांच्या पायांवर न्हायलेली. त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत केसपेपरवर लिहून घेतलं: "हात ठेवून फिरवला तर काही नाही. हात उचलून परत टेकवला की उडतो. पाण्याचा पहिला तांब्या ओतला की उडतो, दुसऱ्याला नाही." मेंदूविकाराच्या पुस्तकांत हे असं लिहिलेलं असतं: अचानक, अनपेक्षित स्पर्शाने झटका येतो, आणि एक झटका येऊन गेल्यावर थोडा काळ तोच स्पर्श झटका आणू शकत नाही. बाईंनी ते स्वतःच्या हाताने शोधून काढलं होतं.

मग मी आईला एक काम दिलं. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला प्रत्येक झटक्याची वेळ आणि त्याच्या आधी नेमकं काय झालं तेवढंच लिहायचं. पण यासाठी बाळाला पूर्वीसारखं न्हाऊ घाला, घ्या, पाजा. आठवड्याने आलेल्या कागदावर 63 नोंदी होत्या. त्यांतल्या 52 पुढे ‘पाणी’, ‘टोपी घातली’, ‘बाबांची दाढी’, ‘मांजर घासलं’ असं काही ना काही लिहिलेलं. 11 नोंदींपुढे ‘उगाच’ किंवा ‘झोपेत’. टोपी कानांवरून खाली ओढताना चार दिवसांत चार वेळा.

आवाजाचं काय, हा पुढचा प्रश्न. अशा बाळांपैकी काहींना अचानक आवाजाने झटके येतात, काहींना स्पर्शाने, काहींना दोन्हींनी. इथेही आजीच कामाला आली. चवथीत घरात पाच दिवस घुमट आरत्या झाल्या होत्या. दोन घुमटं, शामेळ आणि कांसाळं, ती सुद्धा माजघरात. बाळ आजीच्या मांडीवर बसून टकमका बघत होतं. फटाक्यांच्या आवाजाने रडलं, पण उडालं नाही. याच बाळाच्या कपाळाला त्याच संध्याकाळी आत्याने कुंकवाचं बोट लावलं तर उडालं. निदानासाठी याहून चांगली चाचणी मी दवाखान्यात करू शकले नसते.

मनात आलेल्या इतर शक्यता

सगळ्यात आधी भीती वाटली ती शिशुवयातल्या आकडीच्या एका आजाराची, वेस्ट सिंड्रोमची. इंग्लंडमधल्या टनब्रिजचे डॉक्टर विल्यम जेम्स वेस्ट यांनी 1841 साली ‘लॅन्सेट’ला पत्र लिहून स्वतःच्या मुलाचे असे झटके वर्णन केले होते, म्हणून हे नाव. हा आजार वेळेवर ओळखला नाही तर मुलाची वाढ मागे पडते, म्हणून या वयातल्या कुठल्याही झटक्यात तो आधी वगळायचा. त्यातले झटके साखळीने येतात, बहुतेकदा झोपेतून उठल्यावर. एकेक झटका जरा रेंगाळतो, आणि बाळ पूर्वी शिकलेलं विसरायला लागतं, हसणं कमी होतं. आमच्या बाळाचा झटका त्याहून आखूड होता आणि बाळ रोज नवं काहीतरी शिकत होतं. तरी ईईजीशिवाय, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख काढल्याशिवाय, हात झटकायचे नाहीत, हे ठरलेलं.

दुसरी शक्यता हायपरएक्प्लेक्सियाची. यातही बाळ स्पर्शाने दचकतं. नाकाच्या शेंड्यावर बोटाने टिचकी मारली की डोकं मागे फेकतं, आणि कितीही वेळा मारा, दर वेळी फेकतं. पण अशी बाळं जन्मापासून लाकडासारखी ताठ असतात. 1993 साली त्यातल्या एका जनुकाचा शोध लागला, मज्जारज्जू आणि मेंदूच्या देठात ग्लायसिन या रसायनाचा निरोप घेणाऱ्या ग्राहकाचं (रिसेप्टरचं) ते जनुक. या आजारात बाळ ताठून श्वास अडकला तर डोकं आणि पाय पोटाकडे दुमडायचे, ताठरपणा सुटतो. ही युक्ती इटलीतल्या फेदेरिको विजेवानो यांनी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडली आणि तिला त्यांचंच नाव पडलं. त्यांचं नाव पुढे पुन्हा येणार आहे. आमच्या बाळाचे स्नायू सैल, मऊ होते. नाकावर पहिल्या टिचकीला तो उडाला, पुढच्या तीन टिचक्यांना नुसतं नाक मुरडलं.

तिसरी शक्यता वडिलांनी मोबाईलवर वाचून आणली होती: गरम पाण्याची फिट. ती खरीच असते आणि आपल्या शेजारचं कर्नाटक हा ती जगात सर्वांत जास्त दिसणाऱ्या भागांपैकी एक आहे. पहिली नोंद 1945 मध्ये न्यूझीलंडमधून झाली, पण मोठा अभ्यास दक्षिण भारतातच झाला, कारण डोक्यावरून कढत पाण्याचे तांबे ओतून न्हाण्याची आपली पद्धत. गोव्यातल्या घरी भाणात पाणी तापतं, तेव्हा हा प्रश्न विचारायलाच हवा. त्या आजारात पाणी डोक्यावर पडत असताना मूल एकटक बघायला लागतं, भान हरपतं, असंबद्ध बोलतं, आणि ते काही मिनिटंही चालू शकतं. मी घरच्यांना थर्मामीटर दिला. कोमट पाण्यालाही पहिल्या तांब्याला बाळ उडालं, उडणं सेकंदाचं, भान जराही न हरपता. आणि टोपीला तर पाणी नसतंच.

बाकीच्या गोष्टी, म्हणजे दूध वर येऊन अंग वाकवणं, रडून श्वास धरणं, झोप लागताना हातपाय उडणं, या व्हिडिओ बघूनच बाजूला पडल्या.

ईईजीच्या खोलीत

बाळाला मी पणजीत माझ्या ओळखीच्या बालमेंदूविकार तज्ज्ञांकडे पाठवलं. सोबत पत्रात एकच विनंती ठळक लिहिली: नुसता झोपेतला ईईजी नको, व्हिडिओसह हवा, आणि जागेपणी बाळाला मुद्दाम अचानक स्पर्श करून बघावा. ही विनंती लिहिली नाही तर बाळाला दूध पाजून, निजवून, अर्ध्या तासाचा स्वच्छ ईईजी घेऊन ‘नॉर्मल’ म्हणून घरी पाठवतील अशी दाट शक्यता असते. त्यात कुणी हलगर्जी करतं असं नाही, पण विचारलं नाही तर उत्तर मिळत नाही.

मी त्या दिवशी स्वतः गेले. बाळाच्या डोक्याला चिकट मलम लावून तारा बसवल्या, वर जाळीची टोपी, दोन्ही खांद्यांच्या स्नायूंवर आणखी दोन तारा. आईच्या मांडीवर बाळ, समोर आजी खुळखुळा घेऊन. पडद्यावर रेषा सरकत होत्या, या वयाला साजेशा, सुंदर. तंत्रज्ञ ताईंनी बाळाचं लक्ष आजीकडे असताना मागून कापसाचा बोळा त्याच्या उजव्या तळव्याला टेकवला.

हात उडाले. पडद्यावर त्याच पळी सगळ्या रेषा एकदम उभ्या राहिल्या: टोकदार लाटांचा झुबका, मागे एक मोठी संथ लाट, दोन्ही बाजूंना एकसारखा, दोन सेकंदांत संपलेला. खालच्या खांद्याच्या रेषेवर झटक्याची खूण त्या टोकांच्या अगदी पाठोपाठ. ताईंनी लगेच पुन्हा बोळा टेकवला, काही नाही. मिनिटभर थांबून गालाला टेकवला, पुन्हा तोच झुबका, तोच झटका. मग त्यांनी बाळाला बोळा दाखवला, बाळाने हात पुढे केला, आणि त्याच्या डोळ्यांसमोर तो तळव्याला टेकवला. काहीच झालं नाही. बाळ बोळा तोंडात घालायला बघत होतं.

आईने पडद्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे आतून येतं का? आम्ही हात लावल्यामुळे मेंदूला काही होतं का?" तज्ज्ञांनी तिथेच उत्तर दिलं, "तुमच्या हाताने मेंदूला काहीही होत नाही. बटण त्याचं हलकं झालंय, तुमचा हात जड झालेला नाही." आई त्या दिवसांत पहिल्यांदा रडली.

स्पर्शाचा निरोप कातडीपासून मज्जारज्जूतून थॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आतल्या निरोप पुढे धाडणाऱ्या केंद्रात, आणि तिथून मेंदूच्या पृष्ठभागावर जातो. सगळ्यांच्याच मेंदूत. अशा बाळांमध्ये, वाढीच्या एका टप्प्यावर, पृष्ठभाग आणि थॅलॅमस यांच्यातलं जाळं इतकं हुळहुळं असतं की अनपेक्षित निरोप पोचला की ते सगळंच एकदम पेटून विझतं. तेच झटक्याच्या रूपात बाहेर दिसतं. साधं दचकणं मेंदूच्या देठातून येतं, त्या वेळी ईईजीवर असा झुबका उठत नाही. हा फरक पडद्यावर दिसला म्हणून निदान पक्कं झालं. काही निरोगी मुलांत पायाला टिचकी मारल्यावर ईईजीवर एखादं टोक दिसतं आणि अंगावर काहीच होत नाही, त्याला आजार म्हणत नाहीत. टोक आणि झटका जोडीने आले पाहिजेत.

1981 मध्ये मार्सेच्या शार्लोत ड्राव्हे आणि मिशेल ब्यूरो यांनी निरोगी बाळांतल्या अशा सौम्य मायोक्लोनिक, म्हणजे स्नायूंना क्षणभर झटके देणाऱ्या, अपस्माराचं वर्णन केलं. मग 1995 मध्ये रोमच्या गटाने, ज्यात वर आलेले विजेवानो होते, 6 बाळांचा अभ्यास छापला. त्या सगळ्यांचे झटके अचानक स्पर्शाने किंवा आवाजाने येत होते. या प्रकाराला रिफ्लेक्स (बाहेरच्या स्पर्शा-आवाजाने चाळवणारी) मायोक्लोनिक एपिलेप्सी ऑफ इन्फन्सी म्हणतात, आणि आमच्या बाळाला हेच होतं. 2022 च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तो वेगळा काढलेला नाही, शिशुवयातल्या मायोक्लोनिक अपस्मारातच धरला आहे. सुरुवात साधारण 4 महिने ते 3 वर्षं या वयात होते. आजार दुर्मिळ आहे. घरात कुणाला अपस्मार किंवा तापातली आकडी असल्याचं यात अनेकदा आढळतं. इथे वडिलांना दोन वर्षांचे असताना तापात आकडी आली होती. ते त्यांना माहीतच नव्हतं, आजीने तिथे खोलीतच सांगितलं.

एमआरआय करावा की नाही यावर बरीच चर्चा झाली. वाढ उत्तम, तपासणी स्वच्छ, ईईजीची पार्श्वभूमी स्वच्छ, झटके ठराविक. एमआरआयसाठी या वयात भूल द्यावी लागते. तज्ज्ञांनी थांबायचं ठरवलं आणि वाढीत कुठेही खंड पडला तर लगेच करू असं लिहून दिलं. मला ते पटलं.

घरात काय बदललं

औषधाआधी दोन आठवडे फक्त घरच्या सवयी बदलून बघायच्या असं ठरलं. मी घरी गेले होते. पहिलं वाक्य मी हेच सांगितलं की हात लावायचा, भरपूर लावायचा. स्पर्श काढून टाकायचा नाही, त्यातला अचानकपणा काढून टाकायचा.

न्हाऊ घालणाऱ्या बाई पुन्हा यायला लागल्या. आता एक हात सतत बाळाच्या अंगावर, तेल दुसऱ्या हाताने घ्यायचं. पहिला तांब्या पाठीवर न ओतता आधी ओला हात टेकवायचा, बाळाला पाणी दाखवायचं, मग पायापासून वर. टोपीऐवजी समोरून बांधायचं कुंचडं. बाबांनी समोरून यायचं, बोलायचं, आधी हात मग गाल. झोपेतून उचलताना आधी तळहात छातीवर ठेवून थांबायचं. हवेत उडवून झेलायचा खेळ नको. न्हाणीत बाळाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, बादलीभर पाण्यात झटका आला तर तो सेकंदही फार होतो.

आजीने याला स्वतःची जोड दिली. हात लावायच्या आधी ती म्हणायची, "बाबू, आले हं." चार दिवसांत घरातलं प्रत्येक जण तेच म्हणायला लागलं. बाळ त्या शब्दांना मान वळवायचं.

मोठी फिट आली तर काय करायचं हेही लिहून दिलं, जरी इथे ती कधी आली नाही: कुशीवर वळवा, तोंडात बोट, चमचा, पाणी काही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा, 5 मिनिटांच्या वर गेली तर 108 ला फोन. कागद फ्रीजवर चिकटवला.

दोन आठवड्यांत कॅलेंडरवरच्या नोंदी निम्म्याच्या खाली आल्या. पण थांबल्या नाहीत. झोपेतले झटके होते तसेच राहिले, आणि बाळ आता पलंगाला धरून उभं राहायच्या बेतात होतं. उभं असताना झटका आला तर तोंडावर पडणार. काही बाळांमध्ये, विशेषतः फक्त स्पर्शाने किंवा आवाजाने येणारे मोजके झटके असतील तर, औषध न देताही वाट बघता येते. इथे औषध द्यायचं ठरलं.

व्हॅल्प्रोएट हे यातलं नेहमीचं औषध. पण दोन वर्षांखालच्या मुलांत, आणि पेशींच्या ऊर्जेचा जन्मजात दोष असेल तर, त्याने यकृताला गंभीर इजा होऊ शकते. म्हणून आधी यकृताच्या चाचण्या आणि रक्तातला अमोनिया तपासला, घरात अशा आजाराची काही खूण आहे का विचारलं. उलट्या, सुस्ती, दूध नाकारणं, डोळे पिवळे होणं, यांतलं काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता आणायचं, हे आईला तोंडपाठ करायला लावलं. मात्रा इथे मुद्दाम देत नाही, ती वजनावर आणि तज्ज्ञांच्या सल्ल्यावरच ठरते. एक मात्र लिहायला हवं: कार्बामाझेपिनसारखी काही फिटची औषधं मायोक्लोनिक झटके वाढवतात. ‘फिट आहे ना, मग शेजारच्या मुलाचं औषध देऊन बघू’ हे म्हणूनच धोक्याचं.

पुढचं

दहाव्या दिवशी कॅलेंडरवर पहिला कोरा दिवस आला. आईने त्यावर काही लिहिलं नव्हतं, नुसता हळदीकुंकवाचा ठिपका होता. सहाव्या आठवड्यानंतर एकही झटका नाही.

9 महिन्यांच्या गोवर-रुबेलाच्या लशीला घरचे कचरत होते. सुई टोचली की काय होईल ही भीती. लस झटक्यांचं कारण नाही आणि त्यांना अडथळाही नाही, हे तज्ज्ञांकडूनही वदवून घेतलं. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना मी आधी फोन केला. त्यांनी दंड आधी हातात धरून ठेवला, बोलत राहिल्या, मग टोचलं. बाळ रडलं, एवढंच.

अकराव्या महिन्यात धरून चालला, सव्वा वर्षाचा असताना सोडून चालला. दीड वर्षाला आठ-दहा शब्द होते, त्यांत ‘आले हं’ हा एकच शब्द म्हणून होता. मांजराला हात लावण्याआधी तो ते म्हणायचा. 20 व्या महिन्यात जागेपणीचा आणि झोपेतला ईईजी पुन्हा केला, स्पर्शासह. दोन्ही स्वच्छ. 22 व्या महिन्यापासून औषध तीन महिन्यांत हळूहळू कमी करत थांबवलं. यकृताच्या चाचण्या शेवटपर्यंत ठीक राहिल्या.

आता तो साडेतीन वर्षांचा आहे. औषध थांबल्यापासून झटका नाही, मधे दोनदा ताप येऊनही आकडी नाही. बहुतेक मुलं यातून पूर्ण बरी होतात, थोड्या मुलांना पुढे अभ्यासात किंवा लक्ष देण्यात अडचण येते, म्हणून वर्षातून एकदा बोलणं, खेळणं, हाताचं काम बघायचं. पुढची तपासणी बालवाडीत घालण्याआधी, मे महिन्यात आहे.